मोहाखालचे तीन दगड

परवा मोताळ्याच्या आठवडी बाजारात, मिरच्यांच्या ओळीला, एक डोंगराकडची बाई वाळलेली मोहाची फुलं घेऊन बसली होती. मी चार पावलं पुढे गेले आणि मागे फिरले. गुडघे गेले, दात गेले, मोतिबिंदूही काढून झाले. नाक मात्र म्हातारं होत नाही असं दिसतं. तो वास गोड असतो आणि थोडा आंबूसही, नव्या गुळाच्या ढेपेजवळ उभं राहिल्यासारखा. मी पदर पसरला. सोबत धाकट्या जाऊबाईंची सून होती. तिनं विचारलं, बकऱ्या तर केव्हाच विकल्या, आता ह्याचं काय करायचं? मी म्हटलं, हुंगायचं. ती हसली. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं.

घरी येऊन फुलं परातीत पसरली आणि ओट्यावर ऊन दाखवायला ठेवली. जाऊबाई काठी टेकत आल्या, परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. आमच्या घरात मोहाचं नाव कोणी काढत नाही. का काढत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळे समजतात.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, हुकूम नागपूरहून सुटायचे आणि आमच्या गावाला पोचेपर्यंत थकून जायचे. माझ्या घरातला हुकूम मात्र सासूबाईंचा, तो जागच्या जागी बजावला जाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. एका दुपारी वाती वळता वळता त्यांनी शांतपणे सांगितलं की डोंगरातल्या देवीचा नवस राहिलाय, तो तुम्ही दोघं फेडून या. आणि वर्षभरात काही झालं नाही तर सुलतानपूरची माझी भाची आहे, ती तुझ्या पाठच्या बहिणीसारखी राहील. त्यांनी ते इतक्या मायेनं सांगितलं की मला रडायलाही सुचलं नाही. मी वाती मोजल्यासारखं करत राहिले.

नवसाचे नियम कडक होते. दोघांनीच जायचं. वाटेत कोणाच्या छपराखाली मुक्काम करायचा नाही, कोणाच्या चुलीवरचं खायचं नाही. बाईनं रोज तीन दगड मांडून स्वतः रांधायचं. आमचं घर माळकरी, त्यामुळे बाटण्यासारखं काही तोंडात जाऊ द्यायचं नाही हे निराळं सांगायची गरज नव्हती. आणि चैत्री पौर्णिमेच्या आत देवीच्या पायरीला डोकं लावायचं.

अशी आमची दमणी निघाली. दमणी म्हणजे माणसांची गाडी. कापसाच्या बंडीपेक्षा हलकी, वर बांबूच्या कामट्यांची कमान आणि तिच्यावर तट्ट्या. आत कडबा अंथरून त्यावर गोधड्या. पायथ्याला ज्वारीच्या पिठाचा डबा, तुरीची डाळ, मिरची, तेलाची बाटली. आसाला कंदील आणि बादली टांगलेली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पीठ दळून दिलं होतं. गाव मागे पडलं तसं माझ्या लक्षात आलं, हे माझं पहिलं घर. दोन माणसं झोपतील एवढंच, चाकांवरचं, पण त्यातल्या डब्यात कुठं काय आहे ते फक्त मलाच ठाऊक होतं.

अडचण एकच होती. आम्हाला बोलता येत नव्हतं.

हसू नका. तेव्हा भरल्या घरात नवराबायको दिवसाउजेडी बोलत नसत. सहा वर्षांत आम्ही बोललो ते कुजबुजून, तेही कामापुरतं. आता उघड्या रानात, भर उन्हात, कोणी ऐकायला नाही, तर यांची जीभ टाळ्याला चिकटली. पाठ माझ्याकडे, तोंड बैलांकडे. दुपार झाली तशी ते उजवीकडच्या बैलाला म्हणाले, "चांद्या, कोणाले तहान लागली असन तं पुढं विहीर हाय."

मी थोडा वेळ वाट पाहिली. चांद्या काही बोलला नाही. मग मीच दुसऱ्या बैलाला म्हटलं, "गुलब्या, सांग त्यायले, लागली हाय."

पुढचे तीन दिवस आमचा संसार बैलांच्या मध्यस्थीनं चालला. नांदुऱ्याला आगगाडीचे रूळ ओलांडले, तेव्हा चांद्याला सांगण्यात आलं की कोणाला भीती वाटत असेल तर डोळे मिटावेत. पूर्णेच्या पात्रात चाक रुतलं तेव्हा गुलब्याला विचारण्यात आलं की मागचं माणूस उतरेल का. मी उतरले, चाकाला खांदा लावला, गुडघ्यापर्यंत भिजले आणि मनातून इतकी खूश झाले की तोंड लपवावं लागलं.

पूर्णेकाठचं पाणी खारट. विहिरीत दिसायला निर्मळ, पण त्यात डाळ शिजत नाही, हे मला मोताळ्याच्या सुनेला कोण सांगणार? पहिल्या दिवशी मी दुपार कलेपर्यंत तीन दगडांखाली काटक्या सारत बसले. डाळ फुगली, गरगरली, पण दाताखाली कटकटच. यांनी मुकाट्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राग आला. माणसानं निदान तोंड वाकडं तरी करावं. मी भाकरी त्यांच्या पुढ्यात जरा जोरात ठेवली. ते चावत राहिले, मग सावकाश मान वळवून बैलांना म्हणाले की डाळ कच्ची आहे, पण भाकरी चांगली झाली आहे. घरी सहा वर्षं मी शंभर माणसांची उष्टी काढली असतील, माझी भाकरी चांगली आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. घरी चूल माझी नव्हतीच, ती सासूबाईंची. मी नुसता जाळ घालायची.

हे सगळं आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा नव्हतं. प्रत्येक मुक्कामाला मी तीन दगड मांडायची आणि वाटायचं, देवी बघत असेल. डाळ शिजली नाही हा तिचाच कौल असेल काय? वर्षभरानं ह्याच दमणीत माझ्या जागी सुलतानपूरची ती पोर बसेल, तिला कोणी सांगेल का की तेलाची बाटली डाव्या कोपऱ्यात आहे?

चौथ्या दिवशी आमचं वऱ्हाडातलं जळगाव मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी आलो. उन्हं उतरली होती. पळस फुलून झडत आले होते, आणि हवेत हा वास. पुढे एक भलंमोठं झाड, अंगावर पान नाही, नुसते कळ्यांचे घोस. त्याच्याखाली जमीन अशी स्वच्छ की काडी दिसेना. पालापाचोळा जाळून, झाडून, गुळगुळीत केलेली. हे म्हणाले, कोणाचं तरी खळं असावं, रिकामं पडलंय. आमच्याकडे हंगाम संपला की खळ्यावर वाटसरू खुशाल उतरतात, कोणी हरकत घेत नाही. आमच्या गावात बांधावर मोहाचं एखादं झाड होतं, पण त्याची फुलं बकऱ्या खायच्या. आम्ही कापसातली माणसं. झाडाखालची जमीन कोणी झाडाच्या फुलांसाठी झाडून ठेवत असेल, हे आमच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मी त्या गुळगुळीत जमिनीच्या मधोमध तीन दगड मांडले. तिथलं पाणी गोडं होतं. डाळ एका उकळीत मऊ झाली आणि आम्ही दोघं पोटभर जेवून गाढ झोपलो.

पहाटे टप टप आवाज येत होता. मला वाटलं दव पडतंय. तट्ट्या सारून बघते तर सगळी जमीन फिकट पिवळ्या, रसरशीत फुलांनी भरलेली आणि वरून अजून पडताहेत. आणि आमचे दोन्ही बैल दावी सोडवून त्या फुलांत तोंड खुपसून उभे. किती वेळ खात होते कोण जाणे. जी खाल्ली नव्हती ती खुरांखाली चिखल झाली होती.

तेवढ्यात झाडामागून एक म्हातारी आली. डोंगरातली कोरकू आदिवासी बाई, डोक्यावर एकात एक तीन टोपल्या. तिच्या मागे काठीवर एक पाय ओढत तिचा नवरा. म्हातारीचं नाव सोमती, हे नंतर कळलं. ती ओरडली नाही. टोपल्या खाली ठेवल्या, माझ्या चुलीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली. हे घाईनं सदऱ्याच्या खिशातून पैसे काढायला लागले. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सावनात पैशे शिजवू काय?" ती म्हणाली.

मग हळूहळू उमगलं. तिथं प्रत्येक झाडाला घर असतं. एकाच्या झाडाखालचं फूल दुसरा उचलत नाही, मग मालक आठ दिवस न येवो. फुलं वाळवून ठेवायची आणि पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलं की तीच शिजवून खायची. झाड बहरात असतं ते मोजके दिवस, आणि त्यातला एक दिवस आमचे बैल खाऊन बसले होते. हे खाली मान घालून उभे राहिले. आमच्या घरी बारा महिने कणगी भरलेली असे.

एवढ्यात गुलब्या धपकन बसला. पोट ढोलासारखं फुगलं होतं, डोळे पांढरे. हे त्याच्याकडे धावले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मागे वळून थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "तेल दे. लवकर दे." बैलाला नाही, मला. मी डाव्या कोपऱ्यातून बाटली काढली. ज्याचा दिवस आम्ही बुडवला होता तो लंगडा म्हातारा खुरडत पुढे आला, आपल्या बांबूच्या नळीनं त्यानं गुलब्याला तेल पाजलं आणि दुपारपर्यंत त्याची कूस चोळत बसला.

गुलब्याला चालवत नव्हतं म्हणून आम्ही थांबलो, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. बैल दुसऱ्या दिवशी उभा राहिला होता. यांनी सोमतीला सांगितलं होतं की बुडालेला दिवस भरून देतो. मग तीन पहाटा आम्ही चौघांनी फुलं वेचली. सोमतीनं मला दोन्ही हातांनी वेचायला शिकवलं, कमरेत कसं वाकायचं ते दाखवलं. म्हातारा बसल्या जागेवरून कुठं फूल राहिलं ते काठीनं दाखवायचा आणि ती त्याच्यावर खेकसायची. दोघं दिवसभर भांडत. मोठ्यानं, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं. मध्येच काहीतरी आठवून दोघंही हसत सुटत. पोरंबाळं त्यांना होऊन गेली होती, की नव्हतीच, हे मी विचारलं नाही. मला ते विचारायची भीती वाटली.

वेचता वेचता आम्हीही बोलू लागलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, हे फूल सडकं आहे, ते चांगलं आहे, पाय दुखतोय का, असलंच. पण तोंड एकमेकांकडे करून. आणि त्या बोलण्याच्या नादात पौर्णिमेचा दिवस उजाडला. देवी तिथून एका मजलेवर होती. दोघांनाही ठाऊक होतं. कोणीच बैल जुंपायला उठलं नाही.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेवटची टोपली भरली. म्हातारीनं कुठून तरी मडकं काढलं. घरी मोहाची दारू गाळणं तेव्हा गुन्हा होता, आबकारीचा शिपाई फिरत असे, म्हणून ते काटेरी झुडपाखाली दडवलेलं होतं. तिनं चार थेंब झाडाच्या मुळाशी सोडले आणि वाळल्या पळसपानाचा द्रोण भरून यांच्या पुढे केला. ज्यानं वेचलं त्यानं घोट घ्यायचा, नाहीतर झाड रुसतं, अशी त्यांची रीत.

यांनी द्रोण हातात घेतला. दुसरा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथंच राहिला. म्हातारीचा चेहरा उतरायला लागला होता. तीन दिवस तिनं आम्हाला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी यांच्या हातातून द्रोण घेतला आणि सगळाच्या सगळा पिऊन टाकला. घसा जळाला, डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी टाळ्या पिटून हसली. मग मी त्यांच्या चुलीवरचे भाजलेले मोह आणि चणेही खाल्ले. एकदा बाटल्यावर पोटाला कशाला उपाशी मारायचं?

हे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. पहिल्यांदाच बघावं तसं.

परतीची वाट मी दमणीत मागे तोंड करून बसले. देवीचं दर्शन नाही, पौर्णिमा गेली, नवस मोडला, आणि तो मी मोडला. सासूबाई काही बोलणार नाहीत, फक्त सुलतानपूरला निरोप धाडतील. एका मुक्कामी मी यांना विचारलं, घरी काय सांगायचं. ते म्हणाले, "मी पाह्यतो." पुढे नाही, मागे नाही. मला वाटलं, खोटं सांगतील, दर्शन झालं म्हणतील. तेवढ्यानं एक वर्ष तरी मिळेल. मी त्या एका वर्षाचा हिशेब चारही दिवस मनात लावत होते.

अंगणात दमणी उभी राहिली. सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात आल्या. सगळं घर जमलं. धाकट्या जाऊबाई तेव्हा नव्या नवरी, डोक्यावरचा पदर सावरत खांबाला टेकून उभ्या होत्या. हे खाली उतरले. उंबऱ्याबाहेरच थांबले, गळ्यातली माळ काढली आणि आईच्या हातात ठेवली.

"माय, नवस फुकट गेला," ते म्हणाले. "मी मोहाची घेतली. देवीचा कोप माह्यावर हाय. आता दुसरी आणली तं तिचीबी कूस उजाडच राहीन. कोण्या पोरीचा जलम काऊन खराब करतं?"

मी तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, नुसता हात मागे करून बोटं हलवली, बैलाला थांब म्हणून करतात तशी. आणि मी थांबले. ह्या थांबण्याची लाज मला आयुष्यभर वाटली आणि ह्या थांबण्यावरच माझं आयुष्य उभं राहिलं. दोन्ही खरं.

सुलतानपूरला निरोप गेला नाही. ती पोर बीबी गावात दिली, तिला चार मुलं झाली, मी तिच्या एका मुलाच्या बारशाला जाऊन आले. मला शेवटपर्यंत मूल झालं नाही. जाऊबाईंची मुलं माझ्या मांडीवर वाढली. यांचं ताट वर्षभर ओसरीवर वेगळं मांडलं जाई. माळ त्यांनी पुन्हा घातली नाही. गावात कोणी चेष्टेनं विचारलं की काय, डोंगराकडे कधी निघता, तर हसून घेत. आणि सासूबाई माझ्यावर आधीपेक्षा जास्त माया करू लागल्या. पिणाऱ्याची बायको म्हणून.

घरात आलो तसं आमचं दिवसाचं बोलणं पुन्हा बंद झालं. पण मी शेण काढायला गोठ्यात गेले की हे कडबा टाकायला यायचे आणि चांद्याशी गप्पा मारायचे. गुलब्याकडून मी उत्तर द्यायची. एकदा मी विचारलं, यांनी एवढं खोटं कशाला बोलायचं होतं? ते चांद्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले की खोटं कुठे आहे, द्रोण तर पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिला होता. चांद्या आणि गुलब्या गेले, मग दुसरी जोडी आली, तिसरी आली. आमचं बोलणं त्यांनीही ऐकलं.

सासूबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या, माझ्या पोरानं तुझं वाटोळं केलं, त्याला पदरात घे. मी सांगणार होते. दारात हे उभे होते, त्यांनी मान हलवली. म्हातारीला ह्या वेळी कशाला, असं त्यांचं म्हणणं असावं. त्यानंतर देव्हाऱ्याखाली त्या जपून ठेवायच्या ती डबी माझ्याकडे आली. तिच्यात ती माळ होती.

मागच्या पौषात हे गेले. सकाळी चहा घेतला आणि गेले. अंगणात आंघोळ घालून झाली तेव्हा मी डबी उघडून माळ आणली. इतक्या वर्षांत दोरा कुजला होता, तो मी नवा ओवून ठेवला होता. गळ्यात घालायला वाकले तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाल्या, घेतलेल्या माणसाच्या गळ्यात माळ घालू नये, सासूबाईंनीच ती डबीत ठेवून दिली होती ना.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "त्यायनं नाही घेतली. मी घेतली होती."

जाऊबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "पाह्य व माय. माणूस मेला तरी त्याचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यली." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग त्या मला म्हणाल्या, "घाल बाई. तुह्यासाठी घाल."

मी माळ घातली. गोठ्याकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला तेव्हा शेवटची जोडी विकली होती, गोठा रिकामा होता. बैल असते तर त्यांना तरी सांगितलं असतं.